आडवा आठ म्हणजे पास

"वायरमन कुठी हाय?" फोरमननं विचारलं.

"मीच," मी म्हटलं.

"मॅन कुठी हाय म्हन्लं मी."

"सर्टिफिकेटवर हाय. वाचा."

चंद्रपूरच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात माझी नोकरी अशी भांडणानंच सुरू झाली. आजूबाजूच्या खाणींना, भातगिरण्यांना आणि गिट्टीच्या क्रशरना लागणारे रबरी पट्टे तिथं जोडले जायचे, फाटले तर सांधले जायचे. हे पट्टे गोल लोखंडी रुळांवर फिरत राहतात, एका टोकाला कोळसा टाकला की दुसऱ्या टोकाला पोचवतात. आयटीआयला वायरमनचा ट्रेड केलेली आमच्या बाजूची मी पहिली मुलगी. आमची बाजू म्हणजे वैनगंगेच्या पलीकडची, गडचिरोली जिल्ह्यातली, तलावात मासे धरून पोट भरणाऱ्यांची. बाबा म्हणायचे, "मी जाळं धरतो, पोट्टी वायर धरते, गुंता दोघायलेबी सोडवा लागते." हे ते हसत म्हणायचे, पण माझ्या शिक्षणावरून गावात कोणी वाकडं बोललं की त्याच्या अंगावर धावून जायचे. माझा राग तिकडूनच आला आहे.

एक आधीच सांगते. लिहिताना मी पुस्तकातलं मराठी लिहिते, पण डोकं सरकलं की भाषा आपोआप घरची होते, आणि या गोष्टीत माझं डोकं बरेचदा सरकणार आहे. सांभाळून घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या.

काम साधं होतं. खाणीत जाणारा प्रत्येक पट्टा मेगर लावून तपासायचा. मेगर म्हणजे एक काळी पेटी, बाजूला हँडल. हँडल गरागरा फिरवलं की आत वीज तयार होते, आणि पेटीच्या दोन वायरी ज्याला लावाल त्यातून वीज जाते की नाही ते काटा सांगतो. आयटीआयत आम्ही दोन वर्षं घरातल्या वायरिंगवर हेच केलं. वायरवरचं आवरण चांगलं असेल तर वीज कुठंच गळत नाही आणि काटा एकदम टोकाच्या खुणेवर जातो. ती खूण अनंताची, म्हणजे आडवा पडलेला आठ. आमचे सर म्हणायचे, "आडवा आठ आला की देव पावला समजा." काटा खाली आला की वायर खराब, काढून फेका. हे माझ्या हाडात मुरलं होतं.

कारखान्यात वायरऐवजी पट्टा, एवढाच फरक. पट्टा पुसायचा, साबण-मिठाचं पातळ पाणी लावायचं, त्यावर दोन पितळी कड्या ठेवायच्या, वायरी जोडायच्या, हँडल फिरवायचं, आकडा रजिस्टरात लिहून सही करायची. मग पट्ट्यावर खडूनं पास किंवा फेल. माझ्या आधीचा माणूस काम सोडून गेला होता, त्यामुळे पास कशाला म्हणायचं हे सांगायला कोणी नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. विचारायचं काय त्यात? रबर आहे, आडवा आठ आला पाहिजे. फोरमन एकदा मागं उभा राहिला, काटा टोकाला गेलेला पाहिला आणि म्हणाला, "बढिया." तोही जुना वायरमनच ना.

आम्ही दोघं मिळून छाती पुढं काढून उलटं काम करत होतो. एखाद्या शिंप्यानं किंवा गवंड्यानं ही चूक केलीच नसती, त्यानं निदान विचारलं असतं. ही चूक फक्त वायरमनच करू शकतो, आणि तीही चांगला शिकलेला वायरमन.

कळलं कसं ते सांगते. मी मामाकडे राहायचे. मामा खाणीत खाली उतरायचा, पट्ट्यावरच होता. जिथं एक पट्टा दुसऱ्या पट्ट्यावर कोळसा ओततो तिथं बसायचं, अडकलेला दगड काढायचा, घंटीचा इशारा आला की पट्टा थांबवायचा. आमच्या कारखान्यातून जोडून गेलेला पट्टा त्याच्या डोक्याजवळून फिरतो याचं त्याला भारी कौतुक. खाणीतल्या लोकांना सांगायचा, "माह्या भाचीची सही हाय त्याच्यावर."

एका रविवारी मामी कुरकुरत होती. रिमोटनं आवाज वाढत नव्हता, दर वेळी उठून टीव्हीपर्यंत जावं लागत होतं. मी म्हटलं आणा इकडे, आणि रिमोटचे स्क्रू काढले. आत मऊ रबराची एक चादर निघाली. तिच्या पोटाखाली प्रत्येक बटणाला एकेक काळी टिकली, तीही रबराचीच. बटण दाबलं की ती टिकली खालच्या पट्टीवरच्या दोन रेघांना टेकते आणि टीव्हीला हुकूम जातो. मी टिकली उलटसुलट करून पाहिली. ना तार, ना तांबं, ना पितळ. मग त्या दोन रेघा जोडतं कोण? मी मल्टिमीटरच्या वायरींच्या दोन टोच्या त्या टिकलीला लावल्या आणि काटा उडाला.

"माय वो!" माझ्या तोंडून निघालं.

"करंट लागला का वो?" मामी घाबरली.

"लागला नाई मामी. गेला! रबरातून गेला!"

मामीला वाटलं रिमोट कामातून गेला. मी टिकली घासूनपुसून बसवून दिली, आवाज वाढायला लागला, मामी खूश झाली. मी मात्र तिथंच बसून हिशोब करत राहिले. रबरात काजळी भरपूर मिसळली की तिचे कण एकमेकांना टेकतात आणि विजेला वाट मिळते, म्हणजे रबर मुद्दाम असं करता येतं. आणि माझ्याकडे असे पट्टे येऊन गेले होते ज्यांच्यावर काटा आडव्या आठाच्या बऱ्याच खाली थांबला होता. त्या सगळ्यांवर मी मोठ्या ऐटीत फेल लिहिलं होतं.

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेले. कपाटामागं भिंतीवर एक तेलकट इंग्रजी कागद लटकलेला होता. सगळ्यांना वाटायचं त्यात काय आहे ते आपल्याला माहीतच आहे. मी डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावला. आकड्याच्या आधी लिहिलं होतं, नॉट मोअर दॅन. इतक्यापेक्षा जास्त नको! आम्ही समजत होतो, इतक्यापेक्षा कमी नको.

का, तेही पुढं लिहिलं होतं. थंडीत नायलॉनचा स्वेटर काढताना चट् चट् आवाज येतो, केस उभे राहतात, तीच गोष्ट. पट्टा रुळांवर दिवसभर घासला जातो आणि त्याच्यावर वीज साचत जाते. तलावाला सांडवा असला की पाणी चढलं तरी वाहून जातं, सांडवाच नसला तर पाळ फुटते. काजळीचं रबर म्हणजे त्या विजेचा सांडवा, साचण्याआधीच तिला लोखंडी सांगाड्यातून जमिनीत सोडून देणारा. साधं रबर तिला धरून ठेवतं आणि मग एकदम ठिणगी. भातगिरणीत तेवढ्यानं फारसं बिघडत नाही. पण जमिनीखाली कोळशातून गॅस निघतो, तिथं ठिणगी म्हणजे काय ते खाणीच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

त्यानंतर मला हे काळं रबर जिथंतिथं दिसायला लागलं, अजून दिसतं. पेट्रोल पंपाच्या नळीत असतं. बारुदाच्या कारखान्यात कामगारांच्या बुटाच्या तळव्यात असतं. कॉम्प्युटरचे सुटे भाग येतात त्या काळपट पिशव्यांचं प्लास्टिकही त्याच जातीचं. पुढं कितीतरी वर्षांनी एक सेल्समन हिरवी भुकटी घेऊन आला होता. म्हणाला, यात काजळीची गरजच नाही, हे प्लास्टिक स्वतःच करंट नेतं, रंगात मिसळून लोखंडाला लावा, गंज थांबतो. मी म्हटलं बोलू नको, मीटर लाव. त्यानं लावला, काटा हलला, तेव्हा त्याला चहा दिला. कोणी काही म्हणो, मी मोजून पाहते.

सोमवारवर येते. मी जुनं रजिस्टर काढलं. नशिबानं माझ्या हातून पास झालेले बहुतेक पट्टे अजून गोदामातच होते. खाणीत गेलेला एकच, त्याच्या आकड्याच्या जागी आडवा आठ आणि खाली माझी सही. तोच मामाच्या डोक्याजवळून फिरणारा.

मी फोरमनला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यानं कागद पाहिला, दोनदा पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. त्यालाही पटलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण तो म्हणाला, "हे पाह्य बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या महिन्यात तू कायम होऊन राह्यली. मी मोका पाहून पट्टा बदलून घेतो. तोवर तोंड बंद."

आणि मी, जिला लोक घाबरतात, जिनं पहिल्याच दिवशी त्याला सुनावलं होतं, ती मी "बरं" म्हणाले. सोमवारभर गप्प राहिले. मंगळवारीही गप्प. मला नोकरी हवी होती, दुसरं कारण काहीच नव्हतं. गावात बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझी पोरगी खाणीचे पट्टे पास करते.

बुधवारी फोरमन कोरं पान घेऊन आला. म्हणाला, "ते पान नव्यानं लिहून काढ. आठाच्या जागी बरोबर आकडा टाक. जुनं पान मी पाहून घेतो."

इथं माझं डोकं सरकलं. चूक झाली ती झाली, वायरमनची इमानदार चूक होती. पण हा माणूस मले म्हणून राह्यला की आता खोटं लिही! खाली लोक बसून आहेत आणि हा वर बसून आकडे रंगवणार!

"पट्टा बदलला का तुमी?" मी विचारलं.

"बदलू ना."

"कधी?"

"अवो, पाण्यात राहून माशाशी वैर नाई करा लागत बाई. मालकाच्या कानावर गेलं तं तुहीबी जाईल, माहीबी जाईल."

"माशाशी वैर आमच्या घरी रोजचंच हाय भाऊ," मी म्हटलं. "आमी ते धरून, तळून खातो."

आणि तडक मालकाच्या केबिनमध्ये घुसले. मालक टीव्हीवर क्रिकेट लावून जेवत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. माझ्यामागं धावत आलेला फोरमन म्हणाला, "साहेब, ही काही बी बोलून राह्यली. रबरातून कुठी करंट जाते का? हेच शिकली का आयटीआयत?"

चोराच्या उलट्या बोंबा! सोमवारी ज्याचा चेहरा पांढरा पडला होता तो हा. मी मालकांच्या टेबलावरचा रिमोट उचलला, खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि रिमोट उघडला. मालक ओरडले, "अवो, माझी मॅच!" मी रबराची चादर त्यांच्या डब्याशेजारी उलटी ठेवली, मल्टिमीटर काढला, टोच्या काळ्या टिकलीला लावल्या. "हे रबर हाय का नाई, हात लावून पाहा. अन् हा काटा हलला का नाई, डोळ्यानं पाहा. आता सांगा, रबरातून करंट जाते का?"

फोरमन पंख्याकडे पाहायला लागला. मालकांनी काटा पाहिला आणि हात धुऊन आले. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता. म्हणाले, "ठीक आहे, तुझं खरं. पण आता बोंब मारली तर पुढचं काम हातचं जाईल. महिनाअखेर दुरुस्तीला पट्टा थांबतोच, तेव्हा गुपचूप बदलू. एका पट्ट्यानं काय आभाळ कोसळते?"

"आभाळ नाई कोसळत साहेब. छत कोसळते. अन् त्याच्याखाली तुमी नसता, मीबी नसते. खाणीत फोन लावा."

"नाही लावणार."

"मंग मीच खाणीवर जाते."

"गेलीस तर परत येऊ नको."

मी रजिस्टर काखेत मारलं आणि निघाले. फोरमननं फाटकात हात आडवा केला, पण माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पाहून काढून घेतला. मी काही त्याला मारणार नव्हते, पण त्याला ते कुठं माहीत! काळीपिवळी जीप पकडून खाणीच्या गेटवर पोचले. शिपाई म्हणाला, पास दाखवा. मी म्हटलं, "पास दाखवायलेच आली हो. चुकीचा पास." त्याला कळलं नाही. मग मी आवाज चढवला. तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला हाक मारायची आमच्या घराची सवय, तो आवाज ऑफिसपर्यंत गेला. एक अधिकारी चिडून बाहेर आला. सुरक्षेचं काम त्याच्याकडेच होतं, हे माझं नशीब.

मी रजिस्टर उघडून त्याच्यासमोर धरलं. पट्ट्याचा नंबर दाखवला, आडवा आठ दाखवला. त्याला एका शब्दानंही समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं फक्त विचारलं, "हा पास कोणी केला?"

"मी. ही माझी सही हाय."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोनकडे धावला. थोड्या वेळानं खालचा पट्टा थांबल्याचं कळलं. त्याचे लोक खाली जाऊन मोजून आले, काटा टोकालाच गेला होता. मला गेटजवळच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. पाळीतले लोक काळ्या तोंडांनी वर यायला लागले, काम अर्धवट सुटलं म्हणून चिडलेले. एकानं विचारलं, "कोनं बंद पाडला बे पट्टा?" मी बाकावरूनच म्हटलं, "म्या पाडला. काऊन?" तो पुढं निघून गेला. त्या गर्दीत मामा दिसला नाही, तो दुसऱ्या फाटकानं गेला असावा.

रजिस्टर अधिकाऱ्यानं ठेवून घेतलं. कारखान्यात परत गेले तर माझी पिशवी आणि डबा फाटकाबाहेर ठेवलेला होता. मी पिशवी उचलली. खरं सांगते, त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही. चालताना मान ताठ होती. नोकरी गेली तर गेली, खोटं पान तर लिहिलं नाही! रस्ताभर मी मनातल्या मनात फोरमनला जे बोलायचं राहिलं होतं ते बोलत होते.

घरी आले तेव्हा मामा अंघोळ करून जेवायला बसला होता. मामीनं मलाही ताट केलं. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मामा, पट्टा मीच बंद पाडला. माझी सही उलटी होती. नोकरी गेली." शाबासकी मिळाली तर घ्यायला आणि शिव्या मिळाल्या तर परत करायला, दोन्हीला मी तयार होते.

"समजलं," मामा म्हणाला. "साहेबानं सांगितलं आमाले. बरं केलं तू."

मी घास घेतला. मामानं भात कालवला, पण खाल्ला नाही.

"तुले कधी समजलं हे?"

"आयतवारी शंका आली. सोमवारी पक्कं झालं."

"सोमवारी माही सकाळची पाळी होती," मामा म्हणाला. "मंगळवारीबी होती. आजबी होती." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. आवाज जराही चढला नव्हता. "मंगळवारचा अन् आजचा डबा तूच भरून देल्ला ना मले?"

"हाव."

"अन् बोलली नाई."

फोरमनला माझ्याकडे उत्तर होतं, मालकाला होतं, गेटवरच्या शिपायाला होतं. मामाला काय सांगू? मंगळवारी सकाळी त्याच्या डब्यात मी लोणच्याची फोड जास्तीची घातली होती, मनाला लागलं होतं म्हणून. तेवढंच केलं होतं मी. मला रडू फुटलं. मामीला वाटलं नोकरीसाठी रडते, ती पाठीवरून हात फिरवत म्हणाली, दुसरी भेटेल वो. मामा हात न धुता तसाच बसून राहिला.

दुसरी मिळालीही, तिसरीही मिळाली, केस पांढरे होईपर्यंत मी मेगर फिरवला. चूक सापडली की मी त्याच तासाला बोंब मारते, स्वतःची असली तर आधी आणि जोरात. साहेब लोक म्हणतात, जरा थांबा, मीटिंगमध्ये बोलू, बाई फार तोंडाळ आहे. आहेच मी तोंडाळ. दोन दिवस गप्प बसून पाहिलंय मी.